धाप लागली तेव्हा

प्रिय बाबा,

चालण्याचं विचारलं की तुम्ही “दिवसभर शिलाईच्या मशीनवर पाय मारतो, तेवढं पुरे” म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. पत्र तसं देता येणार नाही, म्हणून लिहितेय.

हृदयाचं दुखणं झाल्यावर दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. आई म्हणते, तेव्हापासून तुम्ही उंबरठा ओलांडलेला नाही. गिऱ्हाइकांची मापंसुद्धा घरात बसूनच घेता. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी फोनवर भरपूर भाषणं ठोकली. मग वाटलं, पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्ट घेणारी मी, तुम्हाला काय शिकवणार? म्हणून स्वतःच धावायचं ठरवलं.

पण आपल्यासारख्या घरांत उगाच कोण धावतं? डॉक्टरला आणायला, नाहीतर सुटलेली बस गाठायला. पहिल्याच सकाळी इथे शहरात मला पळताना बघून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशी घाबऱ्याघुबऱ्या मागे धावल्या. “अगं, काय झालं? कोण गेलं?” कुणी नाही, व्यायाम करतेय म्हटल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मग हसत तरी पळ की! गरम इस्त्री सदऱ्यावर टाकून आले मी!” सदरा वाचला, पण गल्लीभर माझं हसं झालं.

दुसऱ्या दिवशी हसणाऱ्यांना दाखवून द्यायचं म्हणून मी सुरुवातीपासूनच जीव खाऊन पळाले. वळणापर्यंत पोचले आणि श्वासच मिळेना. छातीत असं धडधडू लागलं की कानातही तेच ऐकू येत होतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. वाटलं, इथेच काही झालं तर तुम्हाला आणि आईला कोण कळवेल? घाम थंड पडल्यावर भिंतीच्या आधाराने खोलीवर परतले.

नंतर कितीतरी दिवस मी गेलेच नाही. बूट ओले आहेत, ऑफिसला लवकर जायचंय, रस्त्यावर कुत्री आहेत. मैत्रिणीने टोकलं की तिच्यावरच चिडायचे. परवा पुन्हा उतरले, इतक्या हळू की भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा मला मागे टाकून गेले. तरी त्या वळणापुढच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोचले.

बाबा, ही बातमी सांगायला एवढं लिहिलं नाही. माझ्याच सबबी ऐकताना मला तुमचा आवाज ऐकू आला. तुम्हाला कंटाळा नाही येत. तुम्हाला भीती वाटते. छातीतला एकेक ठोका मोजत तुम्ही बसत असाल, आणि आम्ही सगळे तुम्हाला हट्टी म्हणत राहिलो. शनिवारी मी घरी येतेय. आपण दोघं फक्त दारापासून शेजारच्या फाटकापर्यंत जाऊ. छातीत धडधडलं तर लपवू नका, माझा हात दाबा. आपण तिथेच थांबू, आणि मला काय होतंय तेही मी तुम्हाला खरं खरं सांगेन.

तुमच्या पावलाने चालायला येणारी,
तुमचीच लेक