उंबऱ्याच्या आतलं पान

ब्रह्मा घाट, काशी

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

आईने घरात कधी कुत्रं येऊ दिलं नाही, हे आपल्या दोघांचं जुनं दुःख. तुमचा खोकला थांबला का? मी वेळेवर जेवते, काळजी नको.

माझे घरमालक श्रीरामशास्त्री सोवळ्याओवळ्यात आईहून कडक. तरी घाटावर जखमी सापडलेला भैरू कुत्रा त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, हट्टाने त्यांच्याकडे राहायला आला. काल शास्त्रीबुवांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. कुत्र्यासाठी काढलेलं पान त्यांनी प्रथेप्रमाणे दाराबाहेर ठेवलं. भैरूची लाळ गळत होती, पण तो उंबरा ओलांडेना.

"काय महाराज, मुहूर्त बघताय?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"अहो, त्याला वाटतंय, तुम्ही त्याला परत बाहेर काढताय," काकू म्हणाल्या.

शास्त्रीबुवांनी सोवळ्यातच वाकून पान उचललं आणि आत आणून भैरूपुढे ठेवलं.

आपल्या फाटकाबाहेरची लंगडी कुत्री थंडीत कुडकुडते, असं तुम्ही लिहिलंत. बाबा, गजांमधून पोळी टाकणं आता पुरे. हे पत्र आईला वाचून दाखवा आणि आजच फाटक उघडून तिला आत घ्या.

तुमची लाडकी,
मालविका