झोपाळ्याच्या कडीला इंजिन

३ मार्च, दुपार.
जेवताना चिरंजिवांनी बजावले: येत्या रविवारी भंगारवाला येतोय, तोवर गाडी चालू झाली तर राहील, नाहीतर जाईल. मी म्हटले, रविवारी तुझ्या आईला याच गाडीतून तिच्या बहिणीकडे पोचवणार. बहिणीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून दोघींची भेट नाही. ही लगेच पिशवी भरायला उठली. बोलून बसलो.

संध्याकाळ.
निश्चय: अख्खे इंजिन बाहेर काढून साफ करणे. रोग मुळातूनच उपटावा. ही म्हणाली, अहो, गाडीचे दिवेसुद्धा लागत नाहीत, बॅटरी उतरली असेल. इंजिन म्हणजे काय ते तिला सविस्तर समजावले. मध्येच भांडी घासायला गेली.

४ मार्च.
पोर्चमधला झोपाळा उतरवला. कड्या हत्तीला पेलतील अशा. इंजिन वर ओढायला शेजारच्या प्लंबरने साखळीची कप्पी मागताक्षणी दिली. भला माणूस. हिने विचारले, मी आता बसू कुठे? गाडीची मागची सीट काढून अंगणात मांडून दिली. बसली. म्हणाली, एवढी मऊ आहे हे गाडीत कधी कळलं नाही.

५ मार्च.
प्रत्येक सुट्या भागावर खडूने नंबर घातला. नुसती अक्कल असून भागत नाही, शिस्त लागते. छातीत धडधडते आहे. बीपी नव्हे, उत्साह.

दुपारी इंजिन वर आले! प्लंबर आणि चिरंजिवांनी गाडी मागे ढकलली. इंजिन नेमके पुढच्या दारासमोर लोंबकळते आहे. तूर्त सर्वांनी स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करावी असे ठरवले. चिरंजीव विसरले. त्यांनी कपाळाला हात लावला, कारण कपाळ आधी इंजिनाला लागले होते.

६ मार्च.
रॉकेल, चिंध्या, ब्रश. ब्रश दातांचा निघाला. माझाच. असो. इंजिन आरशासारखे चमकते. वाकून पाहिले, तर आत कुणीतरी काळजीत असलेला म्हातारा.

हिला म्हटले होते, जमलं तर सुटे भाग पुसून ठेव. तिने साबण लावून घासले आणि चादरीवर उन्हात वाळत घातले. लखलखीत. नंबर एकही शिल्लक नाही. मी आवाज चढवला. म्हणाली, साफच करायचं होतं ना?
घाबरण्याचे कारण नाही. भाग आकारावरून ओळखता येतात.

७ मार्च.
ओळखता येत नाहीत.

८ मार्च.
कप्पी अडकली. इंजिन वर जाईना, खाली येईना. प्लंबर म्हणाला, काका, ती बिघडलेलीच होती, म्हणून तर पडून होती. उद्या सकाळी लवकर उठून सगळे जोडायचे. भंगारवाले उशिरा उठत असावेत.

९ मार्च, रविवार, सकाळ.
वेळेच्या आधीच आला. इंजिनाभोवती फिरून म्हणाला, आजोबा, इतकं स्वच्छ इंजिन जन्मात पाहिलं नाही. मी चिरंजिवांकडे पाहिले. त्यांनी कपाळावरचे टेंगूळ चाचपले. साखळी भंगारवाल्यालाही सोडवता आली नाही. तेव्हा इंजिन सोडून बाकीची गाडी टेंपोवर चढवली.

हिने त्याला विचारले, कुठल्या रस्त्यानं जाणार? रस्ता बहिणीच्या दारावरूनच जात होता. सोमवारपासून भरून ठेवलेली पिशवी घेऊन ही स्वयंपाकघराच्या दाराने आली आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसली. खिडकीतून म्हणाली, अहो, मी येईपर्यंत झोपाळा लावून ठेवा.

दुपार.
शांतपणे विचार केला. रविवारी ती बहिणीकडे पोचेल असा शब्द दिला होता. पोचली, तसा फोन आला. आपली गाडीही बरोबर गेली. फक्त ती पुढे बसली आणि गाडी मागे. शब्द पाळला असेच म्हणावे लागेल.

संध्याकाळ.
गाडीची बॅटरी अंगणातच राहून गेली होती. चिरंजिवांनी दुपारी सहज चार्जिंगला लावली होती. आत्ता बल्ब जोडून पाहिला. लख्ख पेटला.
हिला इतक्यात कळवण्याची गरज नाही.