पूजेच्या दिवशीचं उद्घाटन

४ सप्टेंबर २०००
कालव्याच्या पाण्याच्या कचेरीत रुजू झाले. कॉम्प्युटर सहायक, दोन महिने तात्पुरती. वेबसाइट सुरू झाली की कायम. म्हणजे कायमच. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. अप्पांनी राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घरोघर सांगून टाकलंय.
संकल्प: कुठल्या गावाला पाणी कधी, हे शेतकऱ्याला घरबसल्या कळेल. दिवाळीपर्यंत कचेरीपुढची रांग बंद.

८ सप्टेंबर
हेडक्लार्क वैद्यनाथमामांना समजावलं, प्रत्येक पानाला सहा सह्या कशाला? ते म्हणाले, बरोबर आहे अम्मा, तसं टिपण लिही आणि सहा सह्या घेऊन ये.
मनातून पटलंय त्यांना.

१९ सप्टेंबर
चार सह्या झाल्या. पाचवे साहेब तिरुपतीला. तोवर पाणी सुटण्याच्या तारखांचं पान केलं. तारखा उलटून गेल्यात. इतिहास म्हणून उपयोगी.

२८ सप्टेंबर
चेन्नईचे मोठे साहेब उद्घाटनाला येणार! दिवस मीच निवडला: ५ ऑक्टोबर, सव्वातीन. राहुकाळ संपलेला, ऑफिसची खंडेनवमीची आयुधपूजा त्याच दिवशी, म्हणजे हारफुलं तयार. मामांनी दोनदा विचारलं, नक्की त्याच दिवशी? मी म्हटलं, प्लॅनिंग. ते हसले. कौतुकानं असावं.

५ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
साडेबाराला पूजा. टाइपरायटर, जीप, माझा कॉम्प्युटर, सगळ्यांना चंदन-कुंकू. सव्वातीनला मी बटणाकडे हात नेला तर अटेंडर, म्हणजे शिपाई, धनलक्ष्मीअक्का ओरडली: अय्यो! पूजेतल्या आयुधाला हात? विजयादशमीपर्यंत नाही! मी म्हटलं, हे आयुध नाही, टेक्नॉलॉजी आहे. ती म्हणाली, मग कुंकू लावताना गप्प का होतीस?
मोठ्या साहेबांकडे पाहिलं. त्यांचं स्वतःचं पेन पूजेत होतं.
प्रसंगावधान माझंच: सह्यांसाठी छापलेली वेबसाइटची पानं नोटीस बोर्डावर डकवली, वर फीत बांधली. कात्रीही पूजेत, म्हणून साहेबांनी गाठ सोडली. टाळ्या. वेबसाइटचं उद्घाटन झालं. तत्त्वतः झालंच.

९ ऑक्टोबर
चंदन पुसून वेबसाइट खरोखर सुरू केली. पाहणारे अकरा. त्यात दहा वेळा मी.
बोर्डापुढे मात्र गर्दी. ओरत्तनाडुहून लोक आलेले. अक्का इंजिनियरला विचारून रोजच्या तारखा खडूनं लिहिते. कुणाची सही नाही, काही नाही! मी म्हटलं, अशानं वेबसाइट कोण बघेल? एक म्हातारा म्हणाला, जरा बाजूला हो बाळ, वेबसाइट दिसत नाही.

२६ ऑक्टोबर
दिवाळी, कचेरीला सुट्टी. ठरल्याप्रमाणे रांग बंद. माझा अंदाज अचूक.

३१ ऑक्टोबर
ऑर्डर आली. वेबसाइट पूर्ण होऊन लोकांना उपयोगी ठरली आहे, सबब कॉम्प्युटर सहायकाची गरज उरलेली नाही. पुढची देखभाल धनलक्ष्मीअक्काकडे.
अप्पांना सांगितलं, काम पूर्ण झालं, साहेब खूष आहेत. त्यांनी विचारलं, मग आता कुठलं ऑफिस?
म्हटलं, उद्या सुट्टी आहे.