कशाला वढत बसायचं

बारामती, शनिवार

प्रिय वल्लरी,

तुझ्या वडिलांना आता शुद्ध येणार नाही. डॉक्टर निहार यांनी आज दुपारी मला आणि सूरजकाकाला बाजूला घेऊन तसं सांगितलं. अशा वेळी कायद्याने लागणाऱ्या डॉक्टरांच्या दोन्ही समित्यांचं एकमत झालंय. श्वास चालतोय तो मशीनवर. ते काढायला घरच्यांची संमती लागते, आणि कायद्याने त्यांच्या घरची अजून मीच.

मी नाही म्हणाले. काका हात जोडून म्हणाला, "वहिनी, किती हाल करायचं त्याचं? सोडा की आता." मी गळ्यातला क्रूस चाचपत म्हटलं, जीव देवाने दिलाय, देवच नेईल. नर्सने आदराने माझ्याकडे पाहिलं. तुलाही फोनवर हेच ऐकवलं असतं. फोनवर मला भक्तिभाव फार पटकन येतो. म्हणून लिहितेय.

संध्याकाळी फादर पारखे आले. माझं तेच वाक्य ऐकून म्हणाले, "रोहिणीबाई, चर्च असं मागत नाही. अंग पुसा, हात धरा, उपाशी ठेवू नका. पण मरण दाराशी आलेलं असताना यंत्राने दार दाबून धरा, असं कुणी सांगितलं? मारणं वेगळं, मरू देणं वेगळं." मी म्हटलं, यंत्रसुद्धा देवाच्याच बुद्धीचं दान ना? त्यांनी कप खाली ठेवला. "दान खरं. पण ते तुम्ही कुणासाठी वापरताय?"

मी बारामतीच्या मिशनमधली. तुझे वडील शेळगावचे, मेंढरं सोडून शेतीला लागलेल्या घरातले, लोणी देवकरच्या कारखान्यात फिटर. लग्न चर्चमध्ये लागलं. पुढे त्यांनी घटस्फोट मागितला, मी दिला नाही. लोक म्हणाले, बाई धर्माची पक्की. ते निम्मंच खरं. त्यांना दुसरीच्या गळ्यात मंगळसूत्र बांधू द्यायचं नव्हतं, हे उरलेलं निम्मं.

ते नोकरीपायी दुरावले, असं मी तुला सांगत आले. ते खोटं आहे. तू पोटात असताना सोनोग्राफीत तुझ्या मणक्यातली फट दिसली. डॉक्टर म्हणाले, मूल चालेल की नाही सांगता येत नाही, तुम्ही ठरवा. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पांगळं हाय तर ठिवायचं कशाला?" आणि हे, माझ्याकडे न बघता, "सायन्स सांगतंय न्हवं? मग कशाला वढत बसायचं?" मी पोटावर हात ठेवून नाही म्हणाले. त्या 'नाही'त देव होता. तुझ्या ऑपरेशनला ते आले नाहीत. पायांना आधाराचे कॅलिपर घालून तू पहिल्यांदा अंगणात चाललीस, तेव्हा मी निरोप धाडला. तरी आले नाहीत.

आता रोज सकाळी मी त्यांच्या कानाशी वाकते. शेजारच्या पेशंटच्या बायकोला वाटतं, प्रार्थना चाललीय. मी म्हणते, "वढत बसायचं." त्यांची छाती मशीनने वर येते, खाली जाते. मला बरं वाटतं, वल्लरी. चर्चमध्ये मिस्सात 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हणताना क्षमेची ओळ आली की मी ओठ मिटते.

हे पत्र घेऊन काकाच तुला न्यायला येतोय. सोमवारी अकराला डॉक्टर निहार पुन्हा विचारतील. मी नाही म्हणाले तर तो सूड. होय म्हणाले तरी त्यात सूड नाही, अशी शपथ मला घेता येत नाही. डॉक्टर म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, तिची संमतीही चालेल. तुझं मन स्वच्छ आहे. हे वाचल्यावर तसंच राहील का, ठाऊक नाही. ज्यांना तू नको होतीस त्यांचा श्वास तुझ्या हाती द्यावा, यातही सूड आहेच. तेवढा मला सोडवत नाही. एकदा त्यांच्याकडे नीट बघ आणि तुझं काय ते सांग. मी सोमवारीही नाहीच म्हणणार. तू होय म्हणालीस तर आडवी येणार नाही. ते दुसऱ्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट बंद आहे. तुझ्या पायांनी चढून तू त्यांच्यासमोर उभी राहशील. मी खाली जिन्यापाशी थांबते.

तुझीच,
आई