माडीवरचं उदमांजर

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण ठीक नाही. माडीवर ठेवलेली आपली भाडेकरीण, चष्म्याच्या दुकानात काम करणारी ती चष्मेवाली, तिच्या खोलीत आणखी कुणीतरी राहतं असा मला दाट संशय आहे. खोली देताना मी बजावलं होतं, की एकट्या बाईलाच देईन, पाहुणेरावळे चालायचे नाहीत. तेव्हा तिने मुकाट मान डोलावली होती.

सकाळी ती बाहेरून कुलूप लावून दुकानात जाते. दुपारी मी जरा आडवी झाले, की डोक्यावर काहीतरी सरकतं, थांबतं, पुन्हा सरकतं. थोड्या वेळाने जिन्यातून गरम भाताचा वास खाली येतो. माझा गॅस बंद, शेजारी गावाला गेलेले. तिला सरळ विचारलं तर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली आणि म्हणाली, उंदीर असतील. उंदीर भात शिजवायला कधी शिकले?

तुझे भावोजी असते तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं. पण कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की. महिनाअखेर तिला खोली सोडायला सांगणार आहे. तुझं मत कळव. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजी वाटली. तुझी नव्हे, त्या बाईची. तू दूधवाल्यावर संशय घेतलास, लग्नाआधी माझ्या नवऱ्यावर घेतलास, आता हिची पाळी.

माडीवरचा पाहुणा मी इथे बसून ओळखला. ते उदमांजर आहे. आमच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत एक आहे, त्याची पाटी मीच लिहिली. कुणी त्याला कांडेचोर म्हणतं, कुणी काळमांजर. नावावर जाऊ नकोस. पाणमांजर, खवल्या मांजर, उदमांजर, तिघांतलं एकही मांजर नव्हे. हे पाइपावरून चढतं, माळ्यावर मुक्काम ठोकतं, फळं खातं, आणि त्याच्या अंगाला थेट वासाचा तांदूळ शिजल्यासारखा वास येतो. थापा मारत नाही. गच्चीच्या कठड्यावर त्याची विष्ठा शोध, बियांनी भरलेली असते. सापडली, की त्या बाईपाशी दोन शब्द गोड बोल.

तब्येत सांभाळ. माया असू दे.

तुझी धाकटी

ता. १५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चष्मेवालीला जिन्यातच वाचून दाखवलं. ती इतकी खूश झाली, की माझा संशय दुप्पट झाला. म्हणाली, तेच असेल, नक्की तेच. मग ते किती मोठं असतं, पावलं वाजतात का, बिया कसल्या असतात, सगळं खोदून खोदून विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच मला गच्चीत घेऊन गेली. कठड्यावर पपईच्या बिया. पण स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या, आणि मुलाने खेळायला मांडाव्यात तशा ओळीत. तुझं जनावर शौचाला जाऊन बिया धुऊन ठेवतं का?

आणि काल दुपारी ते खोकलं. आधी दाबून, मग अगदी आवरेना म्हणून. मी काही बहिरी नाही. पोलिसांत जाऊ का ते लगेच कळव.

तुझी ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बिया वाचल्या आणि उठून माझी पाटी पुन्हा पाहिली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, की हा प्राणी दिवसा झोपतो. मला ती बाई निर्दोष हवी होती, म्हणून तेवढंच सोडून बाकी सगळं तुला लिहिलं.

तरी पोलिसांत जाऊ नकोस. धुतलेल्या बिया मांडणारी बाई चोर वाटत नाही, घाबरलेली वाटते. पण एकटीने वरही जाऊ नकोस. मी रविवारी येते, मग दोघी मिळून बघू. एवढं ऐक.

तुझी धाकटी

ता. २२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ऐकलं नाही. काल दुपारी वर गेले आणि दार ठोठावलं. आत सगळं चिडीचूप. मी म्हटलं, घरमालकीण आहे, कुलूप तोडायला माणूस आणते. तेव्हा आतून एक म्हातारा आवाज आला. म्हणाला, तोडू नका, किल्ली मुलीकडे आहे, ती संध्याकाळी येईल. तिचा बाप. स्टूल सरकवत चालतो, दुपारी भात गरम करून खातो. मग दाराच्या फटीशी येऊन हळूच म्हणाला, की मी खोकलो हे तेवढं तिला सांगू नका.

मी जिन्यातच बसून राहिले. चष्मेवाली आली, मला पाहिलं आणि पायरीवरच बसून सगळं सांगून टाकलं. म्हातारा माणूस बरोबर आहे म्हटल्यावर कुणी जागाच देईना. डिसेंबरात तिने मला आग्रहाने दुकानात नेऊन डोळे तपासायला लावले होते. मी तिकडे भिंतीवरची अक्षरं वाचत होते, तेव्हा इकडे टेम्पोवाल्याने त्यांना उचलून वर पोचवलं. मी खूप बोलले. मला फसवलंस म्हणून बोलले, आणि बापाला कुलपात ठेवतेस, आग लागली असती तर, म्हणून त्याहून जास्त बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, की तुम्हाला कळलं कसं. मी म्हटलं, माझी बहीण संग्रहालयात आहे, तिने ओळखलं.

खोली सोडायला सांगितलेली नाही. तिच्याशी मात्र अजून कामापुरतंच बोलते. कुलूप मी काढून माझ्याकडे ठेवलं आहे. आज दुपारी म्हातारबाबा स्टूल घेऊन जिन्याच्या तोंडाशी येऊन बसले आणि मनसोक्त खोकले.

रविवारी ये. येताना खोकल्याचं औषध आण, चांगलं कडू. लोभ असावा.

तुझी ताई