रॉकेलची चिंधी

नाना, जळगावच्या आमच्या छापखान्यात नवं मशीन आलंय. खिळे नाहीत, शाई चोळायची नाही, पायाने दांडा मारायचा नाही. कपाटाएवढं पांढरं धूड, समोर काच, काचेला बोट लावलं की लग्नपत्रिका बाहेर. तुम्ही असता तर त्याच्याभोवती एक फेरी मारून "हाई काय शे वं?" म्हणाला असता आणि त्याच्या डोक्यावर पानाचा डबा ठेवला असता.

धुळ्याला तुमच्या हाताखाली आले तेव्हा मी चौथीतून उठलेली. पहिल्याच दिवशी तुम्ही काय केलंत? अक्षरांच्या खिळ्यांनी भरलेली, खणाखणांची लाकडी केस उचललीत आणि माझ्यासमोर फरशीवर पालथी केलीत. सगळी बाराखडी चिवड्यासारखी पसरली. "बठ्ठा खिळा आपापल्या खणात लाव," म्हणालात आणि डबा उघडून पान जमवत बसलात. मी विचारलं, शिकवणार कधी? तर म्हणे, "शिकवतोच आहे. आणखी काय करू, अंगाई म्हणू?" केस भरत आली की तुम्ही पुन्हा पालथी करायचात. अख्खा पावसाळा मी फरशीवर. मनातल्या मनात तुम्हाला ज्या शिव्या दिल्या, त्या खिळ्यांत जुळवल्या असत्या तर ग्रंथ झाला असता. पण दिवाळीपर्यंत असं झालं की तोंड तुमच्याशी भांडतंय आणि बोटं न बघता ज्याच्या त्याच्या खणात जातायत.

आता शिकवणं म्हणजे ट्रेनिंग. मुलाने आधीच जाहीर केलं, "आई, ज्याला मशीन येईल तो इथे राहील. तू आता गावी असोद्याला घरी बस, गुडघे सांभाळ." असोद्याला बसून काय करू? केळी माझ्याशिवाय पिकतात, आणि जाऊबाईंच्या गुडघ्यांचं पुराण ऐकून माझे जास्त दुखतात. म्हणून ट्रेनिंगला मी सगळ्यांच्या पुढे स्टूल टाकून बसले.

कंपनीचा साहेब आला. मी काचेकडे बोट नेलं तर म्हणे, "आजी, हात लावू नका." आमचे मशीनवाले चाचा, जुन्या ट्रेडलचा दांडा मारून मारून ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड झालाय, ते म्हणाले, "साहेब, हात लावायचा नाही तर बोलावलं कशाला? चादर चढवायला?" साहेबाने स्वतःच उघडलं, स्वतःच अडकलेला कागद काढला, स्वतःच बंद केलं. आम्ही माना डोलावल्या. "अडलं तर व्हिडिओ बघा, सगळं त्यात आहे," म्हणाला, सुनेच्या हातचं वांग्याचं भरीत चापलं आणि गेला.

दुसऱ्याच दिवशी कागद अडकला. सूनबाईच्या हातात मोबाइल आणि आम्ही सगळे भोवती, मयताला जमल्यासारखे. व्हिडिओतला हात असा भराभर फिरतो की कागद काढतोय की माशी हाकलतोय, कळेना. मशीनला हात लावायची कुणाची छाती होईना. मुलाने साहेबाला फोन केला. साहेब म्हणाला, "परत बघा."

संध्याकाळी दुकान आवरताना माझा हात चिंधीकडे गेला. तुमचीच शिस्त ना, रॉकेलने पुसल्याशिवाय छापखाना बंद करायचा नाही. रॉकेल आता कुठे मिळत नाही. चाचा कुठून आणतात ते विचारू नका. मी काच पुसली. काच ताकासारखी झाली.

"आई!" मुलगा ओरडला. "उद्या पहिल्या गाडीने असोदा!"

पण साहेबाला यावं लागलं. काचेवरचं पातळ प्लास्टिक रॉकेलने जळालं होतं, ते त्याने बदललं. मग अडकलेला कागद काढायला मशीनचं दार उघडू लागला तशी मी स्टूल मधोमध ओढलं. "तुम्ही नाही. सूनबाई उघडेल."

"आजी, वेळ नाही हो."

"भरिताची वांगी भाजायला अजून वेळ आहे. तोवर ती उघडेल."

सूनबाईने उघडलं, लावलं, परत उघडलं. चाचांनी मुद्दाम वाकडा कागद घालून काढून दाखवला. मग मी. आतल्या गरम रुळाचा बोटाला चटका बसला. साहेब म्हणाला, "सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, "तेव्हा ऐकलं होतं. शिकले आत्ता."

आता कागद अडकला तर सूनबाई माहेरी फोनवर बोलता बोलता काढते. परवा ती नव्हती, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं, तेव्हा मी काढला. मुलगा बघत होता. म्हणाला, "बस इथेच. पण ती चिंधी घरी ठेव." स्टूल मशीनला टेकवूनच ठेवलंय, कुणाची नियत फिरायला नको.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुमच्यापर्यंत टपाल जात असतं तरी नसतं टाकलं, कारण पेटीत टाकायला सूनबाई नेणार आणि नेण्याआधी वाचणार. घरात सगळ्यांना सांगितलंय की म्हातारीचा हात सवयीने गेला. ते खोटं नाही, नाना. पहिला हात सवयीनेच गेला. मग काच धुरकटलेली दिसली, तुमची पालथी केस आठवली, म्हटलं आता साहेबाला यावंच लागेल, आणि दुसरा हात मी चांगला दाबून मारला.