भिंतीवरची बाबाची जागा

आदिलाबाद

आई,
तुह्या पायावर डोकं ठेवून भारतचा नमस्कार. फोनवर तुले नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून राह्यलो.

इकडं दुकान बरं चालू आहे. तुहा गुडघा कसा आहे? भीमपुरात कापूस फुटला काय?

माह्यं आंबट पाण्याचं दुखणं गोळ्यायनं थांबत नाही. डॉक्टर म्हणते, जठराचं तोंड सैल पडलं, ऑपरेशन करून आवळून देऊ. मी म्हटलं, विचार करून सांगतो. पोट कापू द्याचं भेव वाटे.

आडवं झालं की गळ्यात आग येते, म्हणून भिंतीले टेकूनच झोपतो. खोकलो की बाबाच खोकलल्यावानी वाटते. शेवटी शेवटी त्यायले पाणीबी गिळवत नव्हतं.

काल तुह्या सुनेनं माह्या मागची भिंत पुसली. डोक्याच्या तेलाचा डाग पडला होता. आपल्या घरी बाबाचा आहे ना, तेवढ्याच उंचीवर. तू दिवाळीले सगळ्या घराले चुना मारते अन् तेवढी जागा सोडते.

आज डॉक्टरले हो म्हणून आलो. तू काळजी करू नको, जेवत जाय.

पण आई, यंदा चुना मारताना ती जागा सोडू नको.

तुहा,
भारत